‘ऑर्डर’ला जपानीत काय म्हणतात? आधी ‘कुठली ऑर्डर?’ ते विचारा

जपानी शिकलेल्या पुणेकराला पहिलं पैशाचं काम बहुतेक वेळा एक्सेल शीटच्या रूपात मिळतं. मलाही तसंच मिळालं. कारखान्यात वापरायच्या एका सॉफ्टवेअरचे इंग्रजी शब्द डाव्या रकान्यात, उजवा रकाना रिकामा आणि वर ‘शुक्रवारपर्यंत हवं’. त्यात ‘ऑर्डर’ हा शब्द एकोणीस ओळींत होता. शब्दकोशात पहिलाच अर्थ ‘च्यूमोन’ दिलेला. तो पहिल्या ओळीत टाकला, कॉपी केला, खाली ओढला आणि चहा प्यायला गेलो.

चार दिवसांनी जपानहून शीट परत आली. कामगाराला द्यायच्या कागदावर ‘सूचना’ हवी तिथे ‘मागणी’ होतं, आणि यंत्र बंद पडल्यावर पडद्यावर ‘मागणीबाहेर’ अशा अर्थाचं काहीतरी उमटत होतं. तपासणाऱ्याने शेजारी एवढंच लिहिलं होतं: ‘कोको वा दोऽइउ इमि देशोऽ का’. म्हणजे ‘इथे कोणता अर्थ घ्यायचा, सांगाल का?’ जपानी कामात इतकं नम्र वाक्य आलं की समजायचं, कान उपटले गेले.

त्यानंतर बसवलेली पद्धत पुढे देतोय. उदाहरण सगळीकडे ‘ऑर्डर’चंच घेतलंय, पण ‘चार्ज’, ‘इश्यू’, ‘रन’ असल्या कुठल्याही बहुअर्थी शब्दाला ती चालते.

आधी उच्चारांबद्दल दोन ओळी. ‘च्यूमोन’ असं लिहिलंय कारण ‘चूमोन’ लिहिलं तर मराठी माणूस ‘चूल’मधला च लावणार, आणि जपानीत तो वेगळा वर्ण आहे, ‘त्सु’. (बाकीच्यांची जीभ त्सुनामीच्या ‘त्सु’ला अडखळते, आपण चूल, चुलत, चुना म्हणत वाढल्यामुळे तो आपल्याला फुकटात येतो.) ज्युन, ज्युच्यू यांतला ज ‘जिरे’मधला, ‘जहाज’मधला नव्हे. स्वर लांबवायचा असेल तिथे ऽ घातलाय.

पहिली पायरी: मराठीत ‘ऑर्डर’वर बंदी

आपली अडचण इंग्रजीपेक्षा मराठीतच जास्त आहे. आपण हा शब्द गिळून बसलोय. हॉटेलात ऑर्डर देतो, बदलीची ऑर्डर निघते, कोर्टाची ऑर्डर येते, गणपतीत मोदकांची ऑर्डर घेतो, आजोबांना मनीऑर्डर यायची. त्यामुळे इंग्रजी वाक्यात ‘ऑर्डर’ दिसला की समजल्यासारखं वाटतं, आणि नेमका अर्थ डोक्यात उतरलेलाच नसतो.

म्हणून वाक्य मराठीत लिहायचं, पण ‘ऑर्डर’ न वापरता. मग आपोआप फाटे फुटतात. ‘मागणी’ निघाली तर च्यूमोन. ‘आदेश’ किंवा ‘हुकूम’ असेल तर मेइरेइ. ‘क्रम’ असेल तर ज्युन्ज्यो. ‘सुव्यवस्था’ असेल तर चित्सुज्यो. ‘बंद पडलंय’ असेल तर कोशोऽच्यू. जीवशास्त्राच्या पुस्तकातला ‘गण’ असेल तर मोकु. सरकारने छातीवर लावलेला बिल्ला असेल तर कुनशोऽ. मनीऑर्डर असेल तर कावासे, जो शब्द जपानी बातम्यांत रोज परकीय चलनाच्या दरासाठी ऐकू येतो.

एवढ्यानं निम्मं काम होतं. उरलेल्या निम्म्यात एकाच मराठी शब्दाचे जपानीत पुन्हा तुकडे पडतात. सगळ्यात जास्त पडतात ते ‘मागणी’चे.

दुसरी पायरी: बोलणारा काउंटरच्या कुठल्या बाजूला उभा आहे?

हॉटेलातलं गिऱ्हाईक, ऑनलाइन खरेदी, दुकानात सांगून ठेवलेली वस्तू, इथे च्यूमोन चालतो. वेटर विचारतो, ‘गोच्यूमोन वा ओकिमारि देसु का’, म्हणजे काय हवं ते ठरलं का. खरेदीच्या ॲपमधली जुन्या ऑर्डरींची यादी म्हणजे ‘च्यूमोन रिरेकि’. शेअर बाजारातसुद्धा हाच: मिळेल त्या भावाने घ्या म्हणजे ‘नारियुकि च्यूमोन’, ठरलेल्या भावालाच घ्या म्हणजे ‘साशिने च्यूमोन’.

कंपनी ते कंपनी व्यवहार सुरू झाला की मात्र जपानी भाषा दिशा विचारते. माल मागवणारा जे करतो ते ‘हाच्च्यू’. माल देणाऱ्याला जे मिळतं ते ‘ज्युच्यू’. दोन्ही शब्दांतली दुसरी कांजी, म्हणजे चिनी अक्षर, एकच. पहिलीत फरक, एकीत ‘सोडणे’, दुसरीत ‘स्वीकारणे’. व्यवहार तोच, कागदही कदाचित तोच, पण चाकणचा पुरवठादार आपल्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला ज्युच्यू म्हणणार आणि त्याच्याकडून सुटे भाग घेणारी कंपनी हाच्च्यू.

म्हणजे शीटमध्ये नुसतं ‘ऑर्डर डेट’ आलं तर ते ‘हाच्च्यूबि’ का ‘ज्युच्यूबि’, हे शब्दकोश सांगूच शकत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअरचा तो भाग कोण वापरतो ते कळलं पाहिजे. खरेदी विभाग असेल तर हाच्च्यू, विक्री विभाग असेल तर ज्युच्यू. आसपासच्या ओळी बघायच्या: ‘सप्लायर’, ‘व्हेंडर’ दिसले तर आपण मागवणारे, ‘कस्टमर’, ‘डिस्पॅच’ दिसले तर देणारे. हे उलटं झालं तर वाचणाऱ्याला चूक पटकन कळतही नाही. शब्द खरा असतो, वाक्य शुद्ध असतं आणि माल उलट्या दिशेला चाललेला असतो.

हा भेद एकदा बसला की बरीच जोडकुटुंबं सुटतात. खरेदीदाराने पाठवायचा कागद ‘हाच्च्यूश्यो’ किंवा ‘च्यूमोनश्यो’. पुरवठादाराने ‘मिळाली, मान्य आहे’ म्हणून परत पाठवायचा कागद ‘च्यूमोन उकेश्यो’. हातात असलेलं पण अजून पुरं न केलेलं काम ‘ज्युच्यूझान’. जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयाची यंत्रसामग्रीच्या ऑर्डरींची आकडेवारी बातम्यांत ‘किकाइ ज्युच्यू’ म्हणून येते, कारण ती यंत्र बनवणाऱ्यांकडे आलेली मागणी मोजते. आणि वर्क ऑर्डर? ती मागणी नाहीच. कारखान्यात आपल्याच माणसाला ‘हे काम कर’ म्हणून दिलेला कागद असेल तर तो ‘साग्योऽ शिजीश्यो’.

च्यूमोनला आणखी एक बाजू आहे. ‘च्यूमोन ओ त्सुकेरु’ म्हणजे अटी घालणे, आपल्याकडे ‘फर्माइशी करणे’ म्हणतात तसं. जपानी लेखक मियाझावा केन्जी यांची 1924 सालची ‘च्यूमोन नो ओओइ र्‍योऽरितेन’ ही गोष्ट या दुहेरी अर्थावरच उभी आहे. डोंगरात वाट चुकलेले दोन शिकारी एका उपाहारगृहात शिरतात. ‘आमच्याकडे च्यूमोन फार’ अशी पाटी वाचून त्यांना वाटतं, चला, चांगलं चालणारं हॉटेल दिसतंय. प्रत्यक्षात फर्माइशी हॉटेलच्याच असतात: केस विंचरा, बंदुका ठेवा, अंगाला मलई लावा, मीठ चोळा. ताटात कोण जाणार ते त्यांना उशिरा कळतं. ‘ऑर्डर’ हा शब्द घेऊन हे शीर्षक मराठीत आणायला गेलात तर गंमत अर्धी मरते, ‘फर्माइश’ने मात्र बऱ्यापैकी तगते.

तिसरी पायरी: क्रम असेल तर कसला क्रम

हे त्या मानाने सोपं. पायऱ्यांचा ठरलेला क्रम म्हणजे ज्युन्ज्यो. रांगेतला आपला नंबर म्हणजे ज्युनबान. ‘ज्युनबान ओ मात्सु’ म्हणजे नंबर लागायची वाट बघणे. पण सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा यांतला एकही पूर्ण शब्द लागत नाही, शेवटी नुसता ‘ज्युन’ जोडला की झालं. यादी कशी लावलीय ते ‘नाराबिज्युन’, चढता क्रम ‘शोऽज्युन’, उतरता ‘कोऽज्युन’, जो आधी येईल त्याला ‘सेन्चाकुज्युन’, क्रिकेटच्या बॅटिंग ऑर्डरचा बेसबॉलमधला भाऊ ‘दाज्युन’.

इथला सापळा ‘अल्फाबेटिकल ऑर्डर’. त्याला ‘आरुफाबेत्तोज्युन’ असा शब्द आहे आणि तो चूकही नाही. पण यादीत जपानी नावं असतील तर ती ए-बी-सीने लावत नाहीत, ‘गोज्यूओनज्युन’ने लावतात: आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटतंय ना? हा क्रम बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेल्या सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीच्या अभ्यासातून आलाय, म्हणून तो आपल्या बाराखडीच्या वळणावर चालतो. ‘हा’च्या जागी पूर्वीचा ‘पा’ धरला की त न प म य र व हे सरळ दिसतं. शाळेत घोकलेलं इथे कामाला येतं. जपानी शब्दकोश चाळताना मराठी माणसाचा हात लवकर बसतो तो याचमुळे.

चौथी पायरी: हुकूम किती कडक

‘बॉसने ऑर्डर दिली’ याला मेइरेइ लावलं की ऑफिसची छावणी होते. मेइरेइ लष्कराचा, पोलिसांचा, कायद्याचा. तो ‘कुदासु’ करतात, म्हणजे वरून खाली सोडतात. रोजच्या कामातल्या सूचनेला ‘शिजी’ पुरतो. आणि ‘वरून ऑर्डर आहे’ हे आपलं लाडकं वाक्य जपानीत जवळजवळ जसंच्या तसं सापडतं: ‘उए कारा नो शिजी’. ‘वर’ कोण, ते तिकडेही कुणी विचारत नाही.

डॉक्टरांच्या बाबतीत शब्दच नाहीसा होतो. दारू पुढे केल्यावर इंग्रजीत जिथे ‘डॉक्टर्स ऑर्डर्स’ म्हणतात, तिथे जपानी माणूस म्हणतो, ‘इशा नि तोमेरारेते इरु नोदे’, म्हणजे डॉक्टरांनी बंद केलंय म्हणून. आपणही तेच म्हणतो. इथे ‘इशा नो मेइरेइ’ लिहिणाऱ्याने शब्दकोश बघितलाय आणि वाक्य बघितलेलं नाही.

कोर्टाची ऑर्डर आली तर थांबा. जपानी दिवाणी प्रक्रियेत न्यायालयाचे निर्णय तीन जातींचे: हानकेत्सु, केत्तेइ आणि मेइरेइ. हानकेत्सु म्हणजे खटल्याचा निकाल, केत्तेइ न्यायालय म्हणून दिलेला, मेइरेइ न्यायाधीशाने त्याच्या अधिकारात दिलेला. इंग्रजीतली ‘ऑर्डर’ यांतल्या कशात बसते ते मूळ कागद बघितल्याशिवाय ठरत नाही. सरकारी नियमांतही तसंच: मंत्रिमंडळाची ती सेइरेइ, मंत्रालयाची ती शोऽरेइ. तिथल्या न्याय मंत्रालयाने जपानी कायद्यांची इंग्रजी भाषांतरं संकेतस्थळावर ठेवली आहेत. त्यांत मूळ आणि भाषांतर शेजारी शेजारी दिसतं, ते उघडून बघावं.

मेइरेइ, सेइरेइ, शोऽरेइ यांच्या शेपटीला असलेली ‘रेइ’ ही कांजी एकच आहे, आणि तिच्यावरून 2019 मध्ये भल्याभल्यांची दांडी उडाली. 1 एप्रिलला जपानने नव्या कालखंडाचं नाव जाहीर केलं: रेइवा. ‘वा’ म्हणजे सुसंवाद, ते सगळ्यांना माहीत होतं. ‘रेइ’साठी काही इंग्रजी बातम्यांनी कोशातला ठळक अर्थ उचलला आणि ‘ऑर्डर’ छापलं. हुकूमशाहीचा वास येऊ लागला. मग जपानच्या परराष्ट्र खात्याला खुलासा करावा लागला की अर्थ ‘सुंदर सुसंवाद’ असा घ्या. शब्द आला होता ‘मान्योऽश्यू’ या प्राचीन काव्यसंग्रहातून, आलुबुखाराच्या जातीतल्या उमे फुलांवरच्या कवितांच्या प्रस्तावनेतून. तिथे ‘रेइगेत्सु’ म्हणजे शुभ, प्रसन्न महिना. आपण इंग्रजीकडून जपानीकडे जाताना घसरतो. ही उलट्या बाजूची घसरण, पण उतार तोच. कोशात अर्थ वर छापलाय म्हणून तो तुमच्या वाक्यातला होत नाही.

पाचवी पायरी: कांजी, काताकाना की साधा घरगुती शब्द

जपानीत बहुतेक गोष्टींना तीन पोत असतात. एक चिनी वळणाचा, कागदोपत्री शोभणारा: च्यूमोन. दुसरा काताकानातला, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या लिपीतला पाहुणा: ओऽदाऽ. तिसरा अस्सल घरगुती: तानोमु. मित्रांबरोबर बसल्यावर ‘मागवलं का?’ विचारायचं तर ‘मोऽ तानोन्दा?’, तिथे च्यूमोन जरा इस्त्री केल्यासारखा वाटतो.

इंग्रजीतला ‘ऑर्डर’ आणि जपानीतला ‘ओऽदाऽ’ हे एकच, असं मात्र समजू नका. ओऽदाऽची स्वतःची ठरलेली घरं आहेत. हॉटेल बंद व्हायच्या आधीची शेवटची संधी, ‘रासुतो ओऽदाऽ’. मापं देऊन शिवलेला सूट ‘ओऽदाऽमेइदो’, जो शब्द इंग्रजीच्या मालातून जपानमध्येच तयार झालाय. अभियंत्यांच्या बोलण्यात ‘मिकुरोन ओऽदाऽ’, म्हणजे मायक्रॉनच्या घरातलं माप. पण ऑर्डर आल्यावरच बनवायचं अवजड यंत्र असेल तर तिथे ओऽदाऽमेइदो शोभत नाही, ‘ज्युच्यू सेइसान’ लागतो. शिंप्याची भाषा प्रेस मशीनला लावू नये.

सहावी पायरी: शब्द नाही, जोडी तपासा

इथवर तुमच्याकडे एक-दोन उमेदवार उरलेले असतात. आता ते ज्या क्रियापदाबरोबर नांदतात ते बघायचं. मराठीत ‘शपथ’ घेतात आणि ‘वचन’ देतात. शपथ ‘करतो’ म्हटलं की कानाला खुपतं. जपानीतही तसंच. च्यूमोन करतात, घेतात (‘तोरु’), किंवा तो आत येतो (‘हाइरु’). मेइरेइ खाली सोडतात, त्याचं पालन करतात (‘शितागाउ’) किंवा त्याला पाठ दाखवतात (‘सोमुकु’). चित्सुज्यो राखतात (‘तामोत्सु’) किंवा बिघडवतात (‘मिदासु’). शब्द बरोबर आणि क्रियापद परकं, ही आपल्याकडच्या भाषांतरांतली सगळ्यात जास्त दिसणारी खोट आहे. बहुतेक वेळा ती इंग्रजीवरून उचललेली असते.

जोडी तपासायला इंग्रजी-जपानी कोश पुरत नाही. तो उमेदवार शोधायला ठेवा. निवड जपानी-जपानी कोशावर करा. ‘कोऽजिएन’ हा जाडजूड कोश सगळ्यांना माहीत आहे, पण रोजच्या वापराला उदाहरणं जास्त देणारा मध्यम आकाराचा कोश बरा. त्यापुढे जपानच्या राष्ट्रीय भाषा संस्थेचा लिखित जपानीचा कॉर्पस, म्हणजे शोधता येणारा मजकुरांचा साठा आहे, सुमारे 10 कोटी शब्दांचा. ‘च्यूनागोन’ या साधनातून तो शोधता येतो, नोंदणी करावी लागते. ‘चित्सुज्यो ओ’ टाका आणि पुढे कोणती क्रियापदं येतात ते नुसतं वाचत जा. दहा मिनिटांत कान तयार होतो.

पाट्यांसाठी चित्रांचा शोध कॉर्पसपेक्षा भारी पडतो. ‘कोशोऽच्यू’ टाकलं की बंद यंत्रांवर चिकटवलेले कागद दिसतात. त्यातच कळतं की पुष्कळ ठिकाणी ‘च्योऽसेइच्यू’ लिहिलेलं असतं, म्हणजे ‘जुळवणी चालू आहे’. बिघडलंय असं तोंडावर सांगायचं नसलं की हा शब्द. पानांचा गठ्ठा ‘आउट ऑफ ऑर्डर’ असेल तर यांतलं काहीच चालत नाही, तिथे ‘ज्युनबान गा कुरुत्ते इरु’, क्रम बिघडलाय. आणि सभापती टेबल आपटत ‘ऑर्डर, ऑर्डर’ ओरडत असतील तर ‘सेइश्युकु नि’, शांतता राखा.

‘लॉ अँड ऑर्डर’ची जोडीही तपासून बघा. शब्दशः ‘होऽ तो चित्सुज्यो’ आहे आणि भाषणात चालतो. पण ‘त्या भागात कायदा-सुव्यवस्था चांगली आहे’ हे जपानी माणूस ‘चिआन गा इइ’ असंच म्हणणार.

सातवी पायरी: काही वेळा भाषांतर करायला शब्दच नसतो

‘इन ऑर्डर टू’मध्ये ऑर्डर फक्त नावाला आहे. मराठीत तिथे ‘-साठी’ किंवा ‘म्हणून’ येतं, आणि जपानीतही दोन वाटा आहेत. ठरवून करायच्या गोष्टीला ‘तामे नि’: जपानला जाण्यासाठी, ‘निहोन ए इकु तामे नि’. आपल्या हातात पूर्णपणे नसलेल्या गोष्टीला ‘योऽ नि’: विसरू नये म्हणून, ‘वासुरेनाइ योऽ नि’. आपल्या ‘-ण्यासाठी’ आणि ‘नये म्हणून’ची जोडी इथे आश्चर्य वाटावं इतकी जुळते. दर वेळी नाही, पण अडलं की आधी मराठीत बोलून बघावं.

आणि संदर्भच नसेल तर

आपण कितीही हुशार असलो तरी शीटमध्ये एक ओळ अशी असतेच: नुसतं ‘ऑर्डर’, मागे-पुढे काही नाही. अंदाजाने भरू नका, आणि ‘अर्थ काय?’ असा मोघम प्रश्नही पाठवू नका; उत्तर द्यायला त्रास होईल असा प्रश्न तसाच पडून राहतो. जपानी भाषांतर व्यवसायात कामाबरोबर टिपणं जोडायची रीत आहे, त्यांना ‘मोऽशिओकुरि’ म्हणतात. त्यात ओळीचा क्रमांक द्यायचा, दोन पर्याय लिहायचे, प्रत्येकाचा अर्थ एका वाक्यात सांगायचा, आणि सध्या कोणता टाकलाय ते नोंदवायचं. समोरच्याला फक्त ‘पहिला’ किंवा ‘दुसरा’ म्हणावं लागलं पाहिजे.

त्या पहिल्या कामाची शीट दुसऱ्यांदा पाठवली तेव्हा एकोणीसपैकी च्यूमोन चारच ठिकाणी उरला होता. सात ठिकाणी ज्युच्यू, तीन ठिकाणी हाच्च्यू, दोन शिजी, एक कोशोऽच्यू, एक ‘तामे नि’. एकोणिसाव्या ओळीपुढे लिहिलं: ‘यादी लावायचं बटण असेल तर नाराबिज्युन, ग्राहकाकडून आलेली मागणी असेल तर ज्युच्यू. सध्या ज्युच्यू टाकलं आहे. पडद्याचा फोटो मिळाला तर लगेच बदलता येईल.’ दहा मिनिटांत फोटो आला. यादीच्या कोपऱ्यात छोटं बटण, त्यावर वर-खाली दोन बाण. नाराबिज्युन.